मांजरीच्या पिल्लाचा बाप

गेल्या जानेवारीतली गोष्ट. आमच्या शाळेच्या मागच्या खोलीत जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे ठेवलेले असतात. सकाळच्या प्रार्थनेनंतर सातवीतली दोन मुलं धावत आली. "सर, गठ्ठ्यात काहीतरी चूं चूं करतंय." जाऊन पाहिलं तर मांजरीची तीन पिल्लं. डोळे मिटलेले, कान डोक्याला चिकटलेले, एकमेकांच्या अंगावर चढून ऊब शोधत होती. पांढऱ्या-करड्या रंगाची एक मांजर शाळेच्या आवारात फिरायची. तिला आदल्या संध्याकाळी फाटकासमोर एका गाडीने उडवलं होतं, हे शिपाईमामांनी सांगितलं. त्यांनीच तिला पुरलं होतं. पिल्लांचं त्यांना ठाऊक नव्हतं.

मी खडूचं रिकामं खोकं घेतलं, त्यात जुनं फडकं अंथरलं आणि पिल्लं घरी आणली. वर्गातली मुलं मोठ्या आदराने बघत होती. मीही जरा फुशारलो होतो, हे आज कबूल करतो. जाता जाता मुलांना म्हणालो, "आपल्या पैगंबरांना मांजरी फार आवडायच्या. मुएझ्झा नावाची त्यांची मांजर होती. ती अंगरख्याच्या बाहीवर झोपली होती, तर त्यांनी तिला न उठवता बाही कापून टाकली." ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलोय. वर्षातून दहा वेळा मोबाईलवर येते. मुलांनी ती भक्तिभावाने ऐकली.

घरी आल्यावर जे केलं ते आपल्यापैकी बहुतेकांनी केलं असतं. गाईचं दूध कोमट केलं, अर्धं पाणी घातलं, ड्रॉपर घेतला आणि पिल्लाला तान्ह्या बाळासारखं हातावर उताणं धरून पाजायला लागलो. दोघांनी थोडं घेतलं. तिसरं, सगळ्यात लहान, ते पीतच नव्हतं. मी जरा जोर लावला. दूध त्याच्या नाकातून बाहेर आलं. पुसून काढलं, पुन्हा पाजलं. वाटलं, पोटात काहीतरी गेलं पाहिजे. रात्रभर त्याचा श्वास घरघरत होता. फज्रच्या अजानच्या सुमारास ते थांबलं.

माझी मुलगी पाचवीत आहे. तिने काही विचारलं नाही. नुसती खोक्याकडे बघत बसली. तिचं ते न विचारणं मला जास्त लागलं.

उरलेली दोन घेऊन मी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरबाईंनी सगळं ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत, पण लपवलंही नाही. पिल्लू उताणं धरून पाजलं की दूध श्वासनलिकेत जातं, फुप्फुसात उतरतं. मांजरीखाली पिल्लू पालथं पडून पितं, तसंच पोटावर ठेवून, मान किंचित वर करून पाजायचं असतं. दुसरं म्हणजे, पिल्लू थंड पडलेलं असताना त्याला दूध द्यायचंच नाही. एवढ्या लहान पिल्लाला स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही. थंड अंगात दूध पचत नाही. आधी ऊब, मग दूध. तिसरं म्हणजे गाईचं दूध. मांजरीच्या दुधात प्रथिनं गाईच्या दुधाच्या दुपटीच्या आसपास असतात, स्निग्धांशही जास्त. गाईच्या दुधात मी वर अर्धं पाणी घातलं होतं. म्हणजे पिल्लाचं पोट भरलेलं दिसलं असतं आणि ते उपाशीच राहिलं असतं, शिवाय जुलाब लागले असते ते वेगळंच.

मग त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "जवळपास कुणाकडे नुकतीच व्यालेली मांजर आहे का?" दुसरी आई मिळाली तर तिच्यासारखं औषध नाही, मांजरी बहुधा दुसऱ्याचं पिल्लू नाकारत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. आम्ही दोन दिवस गावभर विचारलं. नाही मिळाली. मग पिल्लांसाठी मिळणारी दुधाची पावडर, छोटी बाटली आणि सोनाराकडे असतो तसला ग्रॅममध्ये मोजणारा काटा, एवढं घेऊन आलो. पहिल्या दिवशी एक पिल्लू ११२ ग्रॅम भरलं, दुसरं १०४. डॉक्टरबाईंनी सांगितलं, दिवसाला दहा-पंधरा ग्रॅम वाढलं पाहिजे. एखाद्या दिवशी वजन वाढलं नाही तर लगेच या.

त्या रात्रींत, दर अडीच-तीन तासांनी उठताना, माझ्या डोक्यात एक नाव घोळत राहिलं. ज्याचं नावच "मांजरीच्या पिल्लाचा बाप" असं आहे, त्या माणसाचं. त्याने त्याचं पिल्लू कसं जगवलं असेल?

हजरत अबू हुरैरा (रजि.) हे नाव आपल्या कानांवर इतकं पडतं की त्याचा अर्थ मनात येतच नाही. जुम्म्याच्या बयानात दर दुसरी हदीस त्यांच्याकडून आलेली असते. पुनरुक्ती धरून ५३७४ हदीसी त्यांच्या नावावर मोजल्या जातात. इतर कुठल्याही सहाबींपेक्षा जास्त. पण हे त्यांचं मूळ नाव नाही. इस्लामपूर्वीचं नाव अब्दे शम्स होतं असं सांगतात, नंतरचं अब्दुर्रहमान, हे जास्त मान्य मत. यमनकडच्या दौस जमातीतले. खैबरच्या मोहिमेच्या वेळी, म्हणजे हिजरी ७, इ.स. ६२८ च्या सुमारास ते मदिनेला आले.

अरबीत "हिर्रा" म्हणजे मांजर आणि "हुरैरा" हे त्याचं लघुरूप. उर्दूच्या तासाला मी मुलांना तस्गीर शिकवतो, बागेवरून बागीचा, देगवरून देगची. मराठीच्या तासाला सानुली, छबुकली सांगतो. तसंच हे. हुरैरा म्हणजे इवलीशी मांजर. हे नाव कसं पडलं ते इमाम तिरमिजी यांच्या संग्रहात खुद्द अबू हुरैरांच्या तोंडून आलंय. ते आपल्या घरच्यांच्या शेळ्या-मेंढ्या राखायचे. त्यांच्याकडे मांजरीचं एक लहान पिल्लू होतं. रात्री ते त्याला एका झाडावर ठेवायचे, दिवसा बरोबर घेऊन जायचे आणि त्याच्याशी खेळायचे. म्हणून लोकांनी त्यांना हे नाव दिलं. एवढीच हकीकत आहे.

ही चार ओळींची रिवायत मी शेकडो वेळा वाचली होती. पिल्लू हातात असताना वाचली तेव्हा ती वेगळी दिसली. त्यात पिल्लाची आई नाही. आई असती तर पिल्लू रात्री तिच्या कुशीत असतं, झाडावर नसतं. झाड का, हेही कळलं. जमिनीवर कुत्री आणि लांडगे, झाडावर निदान त्यांच्यापासून सुटका. आणि पिल्लू खेळत होतं, रात्रभर फांदीवर टिकत होतं, म्हणजे ते माझ्या खोक्यातल्यासारखं डोळे मिटलेलं नव्हतं. मांजरीच्या पिल्लाचे डोळे सात ते चौदा दिवसांत उघडतात. ते धावायला, उड्या मारायला लागतं ते महिन्यानंतर. तेव्हा अबू हुरैरांच्या हाती आलेलं पिल्लू महिना-दीड महिन्याचं तरी असणार. त्या वयात पिल्लू दुधाबरोबर मऊ खाणंही खायला लागतं. आणि दूध? समोर शेळ्या-मेंढ्यांचा कळप होता. शेळीचं दूधही मांजरीच्या दुधाएवढं कसदार नसतं, पण महिन्याच्या पिल्लाला त्यावर आणि चार तुकड्यांवर तगून राहता येतं. हा माझा अंदाज आहे, रिवायतीत दुधाचा उल्लेख नाही. पण रिवायतीतला प्रत्येक तपशील पाळणाऱ्याचा आहे. रात्री कुठे, दिवसा कुठे, हे त्याला पक्कं ठाऊक आहे.

आणखी एक गोष्ट. इब्ने माजा यांच्या संग्रहात अबू हुरैरा (रजि.) आपल्या लहानपणाविषयी सांगतात. ते यतीम म्हणून वाढले, गरीब म्हणून हिजरत केली आणि गझवानच्या मुलीकडे पोटापुरत्या अन्नावर चाकरी केली. म्हणजे ज्याने बिनआईचं पिल्लू झाडावर जपलं तो स्वतः बिनबापाचा पोरगा होता. हे दोन तपशील दोन वेगळ्या पुस्तकांत आहेत. मी ते कधी एकत्र वाचले नव्हते.

मदिनेत आल्यावरही भूक सुटली नाही. मस्जिदे नबवीच्या सुफ्फ्यावर, म्हणजे छपराखालच्या ओट्यावर, घरदार नसलेले जे सहाबी राहायचे त्यांत अबू हुरैरा होते. इमाम बुखारींनी त्यांची एक हकीकत दिली आहे. भुकेने ते पोटाला दगड बांधून रस्त्यावर बसले होते. हजरत अबू बक्र (रजि.) गेले, त्यांना एका आयतीबद्दल विचारलं. उत्तर हवं नव्हतं, घरी जेवायला नेतील ही आशा होती. ते गेले. हजरत उमर (रजि.) गेले, तेच झालं. मग पैगंबर (स.) आले. त्यांनी चेहरा बघितला आणि ओळखलं. त्यांना अबू हिर्र अशी लाडकी हाक मारून घरी नेलं. घरात कुणीतरी भेट पाठवलेलं दुधाचं एक भांडं होतं. पण हुकूम काय झाला, तर सुफ्फ्यावरच्या सगळ्यांना बोलावून आण. अबू हुरैरा मनात म्हणाले की एवढ्याशा दुधाने इतक्यांचं काय होणार, माझ्या वाट्याला काय उरणार. तरी गेले, सगळ्यांना आणलं. मग वाटायचं कामही त्यांच्यावरच. एकेकाला भांडं द्यायचं, त्याचं पोट भरलं की पुढच्याला. सगळे पिऊन झाले तेव्हा पैगंबर (स.) यांनी त्यांना बसवून पाजलं, आणखी पी, आणखी पी म्हणत, जागा उरली नाही असं ते म्हणेपर्यंत. उरलेलं सगळ्यात शेवटी स्वतः प्यायले.

रात्री तीन वाजता बाटली धरून बसल्यावर ही हकीकत आठवते. ज्याने एकेकाळी पिल्लाला जपलं, त्याला दुधाची वाट पाहायला लावलं गेलं, आणि पाजणाऱ्याने स्वतःचा घोट शेवटी घ्यायचा हेही दाखवून दिलं गेलं.

आता मुएझ्झाकडे येतो. शाळेत मुलांना सांगितलेली ती बाही कापण्याची गोष्ट मी त्या आठवड्यात शोधायला बसलो. हदीसच्या सहा प्रमुख संग्रहांत ती नाही. मुएझ्झा हे नावही नाही. ती पुढच्या काळात लोकांच्या तोंडी रुळलेली गोष्ट आहे. गोड आहे, म्हणून पसरली. पण जे संग्रहांत आहे ते इतकं गोड नाही. ते आपल्याकडून काही मागतं.

एक रिवायत इमाम मालिक यांच्या मुवत्तात आहे, अबू दाऊद आणि तिरमिजी यांनीही दिली आहे. हजरत अबू कतादा (रजि.) यांच्या वजूसाठी त्यांची सून कब्शा पाणी घेऊन आल्या. तेवढ्यात मांजर आलं. अबू कतादांनी भांडं तिच्यासाठी तिरकं केलं, ती पोटभर प्यायली. सूनबाई चकित होऊन बघत राहिल्या. तेव्हा त्यांनी पैगंबरांचं सांगणं ऐकवलं, की मांजर नापाक नाही, ती तुमच्या अवतीभवती वावरणाऱ्यांपैकी आहे. या एका वाक्यावर फिकहच्या पुस्तकांत पानंच्या पानं आहेत. मांजराने तोंड लावलेल्या पाण्याने वजू होतो, याविषयी सगळे एकमत. शाफई मजहबात ते पाणी अगदी स्वच्छ. इमाम अबू हनीफा (रह.) यांच्या मते दुसरं पाणी असताना ते वापरणं मकरूह, म्हणजे नापसंत. आपल्या कोकणातले मुसलमान शाफई, घाटावरचे बहुतेक हनफी. त्यामुळे रत्नागिरीच्या घरात आणि सोलापूरच्या घरात मांजराने बादलीत तोंड घातल्यावर होणारी चर्चा आजही थोडी वेगळी असते!

दुसरी रिवायत बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे आणि ती ऐकून अंगावर काटा येतो. एका बाईला एका मांजरीपायी शिक्षा झाली. तिने मांजरीला कोंडून ठेवलं, खायला दिलं नाही, आणि तिला सोडलंही नाही, की तिने बाहेर जाऊन जमिनीवरचे किडेमकोडे तरी खावेत. तिचा गुन्हा नेमका काय, ते बघा. मांजर पाळली नाही हा गुन्हा नाही. मांजरीवर प्रेम नव्हतं हाही नाही. ताब्यात घेतलं आणि ताब्यात घेतल्यावर जे द्यायला हवं ते दिलं नाही, हा गुन्हा.

मी ती तीन पिल्लं खोक्यात घातली त्या क्षणी ती माझ्या ताब्यात आली. त्यानंतर माझं न कळणं ही सबब उरली नाही. मला दया आली होती, यात शंका नाही. पण दया आली म्हणून दूध कसं पाजायचं ते कळत नाही. ते विचारावं लागतं. दवाखाना माझ्या घरापासून पाच किलोमीटरवर होता. मी आधी तिथे जायला हवं होतं. गेलो दुसऱ्या दिवशी. चाळीशी ओलांडलेला, बी.एड. झालेला माणूस, मुलांना रोज "इल्म हासिल करो" सांगणारा, स्वतः विचारायला गेला नाही. ते तिसरं पिल्लू माझ्या हिशेबात आहे.

पुढच्या काळातही मांजरींचा माग लागतो, आणि गंमत म्हणजे तो एका भाषाशिक्षकापाशी जातो. अकराव्या शतकात कैरोमध्ये इब्ने बाबशाज नावाचे अरबी व्याकरणाचे मोठे उस्ताद होते. सरकारी कचेरीतून बाहेर जाणाऱ्या पत्रांतल्या भाषेच्या चुका तपासायची नोकरी त्यांना होती, चांगला पगार होता. म्हणजे आमच्याच बिरादरीतले. इब्ने खल्लिकान यांनी त्यांची हकीकत लिहून ठेवली आहे. मशिदीच्या छतावर मित्रांबरोबर जेवत असताना एक मांजर आली. घास टाकला, तो तोंडात धरून निघून गेली. परत आली, परत घास नेला. असं बऱ्याचदा झालं. एक मांजर एवढं खाणार नाही, म्हणून ते तिच्या मागे गेले. पाहतात तर एका पडक्या जागेत दुसरी, आंधळी मांजर, आणि ही तिच्यासमोर घास ठेवतेय. इब्ने बाबशाज म्हणाले की या मुक्या आंधळ्या जिवाची सोय जो करतो तो माझी करणार नाही का, आणि त्यांनी नोकरी सोडली. त्यांचं निधन हिजरी ४६९, म्हणजे इ.स. १०७७ मध्ये झालं.

आपल्याकडे ही गोष्ट तवक्कुलची, अल्लाहवर भरवसा ठेवण्याची म्हणून सांगतात. ते खरंच आहे. पण मला त्यात घास नेणारी मांजर जास्त दिसते. आंधळीची सोय अल्लाहने केली, पण ती कुणाच्या तरी तोंडून, कुणाच्या तरी फेऱ्यांतून केली. मी काही नोकरी सोडली नाही. घराचे हप्ते चालू आहेत.

त्याच कैरोत तेराव्या शतकात सुलतान बैबर्स यांचं राज्य होतं, १२६० ते १२७७. त्यांनी शहराच्या उत्तरेला मशीद बांधली आणि तिच्याजवळची एक बाग मांजरींच्या पोटासाठी वक्फ केली, अशी हकीकत एडवर्ड लेन या इंग्रज अभ्यासकाने कैरोत ऐकली. तो तिथे बरीच वर्षं राहिला आणि १८३६ मध्ये त्याने इजिप्तच्या लोकांच्या चालीरीतींवर पुस्तक छापलं. लेन लिहितो की ती बाग विश्वस्तांनी आणि विकत घेणाऱ्यांनी पुन्हा पुन्हा विकली. त्यातून मांजरींच्या वाट्याला वर्षाला अवघे पंधरा कुरूश येत होते. उरलेला भार काझीसाहेबांवर, कारण वक्फचे रखवालदार ते. त्यांच्या कचेरीच्या मोठ्या चौकात मांजरींना खाणं टाकलं जायचं, पण अलीकडे त्यातही हयगय होतेय, असं तो नोंदवतो. आणि ज्यांना घरातलं मांजर नकोसं झालं ते लोक ते आणून काझींच्या चौकात सोडून जात. वक्फच्या जमिनीचं पुढे काय होतं, हे आपल्याला कैरोतून शिकायची गरज नाही. पण मला त्यातली एक गोष्ट धरून ठेवावीशी वाटते. बाग गेली, उत्पन्न गेलं, तरी साडेपाचशे वर्षांनंतरही मांजरींना घालायचं हे कुणाचं तरी ठरलेलं काम होतं.

आता शेवटचा शब्द, यतीम. अरबी कोशांत या शब्दाचा एक बारकावा दिलाय, जो मी शिक्षक होईपर्यंत ऐकला नव्हता. माणसांत ज्याचा बाप गेला तो यतीम. जनावरांत ज्याची आई गेली ते यतीम. कारण माणसाच्या पोराच्या पोटाची जबाबदारी बापावर असते आणि जनावराचं पोट आईच्या दुधावर. मराठीतल्या "पोरका" या शब्दात हा फरक नाही. तो आई जाऊन आणि बाप जाऊन, दोन्हीकडून सारखाच लागतो.

कोशाच्या हिशेबाने मी आठव्या वर्षी यतीम झालो. अब्बा गेले तेव्हा माझी धाकटी बहीण पाच महिन्यांची होती. त्याच महिन्यात अम्मीला टायफॉइड झाला आणि तिचं दूध आटलं. बहीण वाटी-चमच्याने दूध घेईना. शेजारच्या मावशींना तेव्हा सहा महिन्यांचा मुलगा होता. त्यांनी काही न बोलता बहिणीला उचललं आणि पदराखाली घेतलं. दोन महिने पाजलं, आपल्या मुलाबरोबर. मावशींच्या घरात गणपती बसतो, आमच्या घरी ईद होते. अम्मी बरी झाली तेव्हा तिने पहिली गोष्ट काय केली, तर मोहल्ल्यातल्या मौलवीसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, दूध पाजलं म्हणजे रजाअतचं नातं लागलं. पाजणारी कुठल्या मजहबाची, याने फरक पडत नाही. मावशी तिची दूधआई, तिचा मुलगा हिचा दूधभाऊ, सख्ख्यासारखा. कुरआनात सूरे निसाच्या तेविसाव्या आयतीत सख्ख्या नात्यांबरोबरच दूधआई आणि दूधबहीण मोजलेल्या आहेत.

पैगंबर (स.) स्वतः यतीम जन्मले आणि बनू साद जमातीच्या हलीमा सादिया (रजि.) यांच्या दुधावर वाढले. पुढे हिजरी ८ मध्ये, हुनैनच्या लढाईनंतर, कैद्यांतल्या एका वयस्क बाईने आपण त्यांची दूधबहीण शैमा, हलीमांची मुलगी, असं सांगितलं. ओळख पटली तेव्हा पैगंबरांनी आपली चादर तिच्यासाठी अंथरली आणि तिला तिच्यावर बसवलं. इब्ने इसहाक यांनी लिहिलेल्या सीरतमध्ये हे आहे. मुएझ्झाची बाही मला संग्रहांत सापडली नाही, ही अंथरलेली चादर मात्र सापडली. बालपणी प्यायलेल्या दुधाचं नातं पन्नासेक वर्षांनी, विजयाच्या दिवशीही विसरायचं नसतं. मुलांना आता मी ही गोष्ट सांगतो. बाहीची गोष्ट चुकीची सांगितली होती, हेही वर्गात सांगितलं. एका मुलाने विचारलं, "मग सर, मोबाईलवर येतं ते?" म्हटलं, "मोबाईलवर येतं ते आधी तपासायचं. मीही तपासलं नव्हतं."

पिल्लांचं काय झालं ते राहिलंच. गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून खोक्याच्या एका बाजूला ठेवायची, दुसरी बाजू मोकळी, म्हणजे फार गरम झालं तर पिल्लाला सरकता येतं. पाजण्याआधी त्याच्या तोंडात बोट घालून ऊब बघायची. पोटावर ठेवून पाजायचं. आणि पाजून झालं की कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने पोटाखाली हळूहळू चोळायचं, कारण एवढ्या पिल्लाला लघवी-शी आपण होऊन होत नाही, आई चाटते तेव्हा होते. हे काम मी करताना अम्मी बघत बसायची. एकदा म्हणाली, "तेरे अब्बा रहते तो हसते रे तुझ्यावर." तिची दखनी अशीच मराठीत शिरते. मग थोड्या वेळाने म्हणाली, "नै, हसते नै." आणि उठून रात्री एकची पाळी स्वतःकडे घेतली. पंच्याहत्तरीची बाई. माझी झोप मोडू नये म्हणून.

नवव्या दिवशी एकाचा डावा डोळा उघडला. निळसर, काही न दिसणारा. मुलगी किंचाळली, सगळं घर गोळा झालं. चौथ्या आठवड्यात दोघं बशीतून लप-लप करायला लागली, निम्मं नाकावर, निम्मं पोटात. मुलीने नावं ठेवली, खडू आणि डस्टर. तिसऱ्याला नाव नव्हतं. तिने त्यालाही ठेवलं आहे, पण ते मला सांगत नाही.

डस्टर आता मावशींकडे आहे. सत्तरी ओलांडली तरी त्या ठणठणीत आहेत. माझी बहीण दर भाऊबीजेला त्यांच्याकडे जाते, या वर्षीही गेली. डस्टर नेऊन दिला त्या दिवशी मावशींनी त्याला उचललं, पोट चाचपून पाहिलं आणि विचारलं, "दूध पितंय ना नीट?" तोच त्यांचा पहिला प्रश्न होता.

इकडे माझ्या फाटकाशी गेल्या सहा महिन्यांत दोनदा कुणीतरी पिल्लं ठेवून गेलं आहे. कैरोच्या काझींची आठवण येते. माझ्याकडे ना बाग, ना पंधरा कुरूश. म्हणून वाचकांना एवढंच सांगतो. उघड्यावर पिल्लं दिसली तर आधी लांब उभं राहून वाट बघा, आई खाणं शोधायला गेलेली असू शकते. ती परत येणारच नसेल तर आधी ऊब द्या, मग डॉक्टरांना विचारा, दूध त्यानंतर. गाईचं नको, उताणं धरून नको. हे मला एका रात्री आधी ठाऊक असतं तर आमच्या अंगणातल्या सीताफळाखाली एक छोटी माती नसती.